भुशाचा माग

वर्ध्याच्या अवतीभवती ‘मेघे’ लावलेली गावं पुष्कळ. सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे आणि आमची पिपरी मेघे. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथं ढग मुक्कामालाच असतील. प्रत्यक्षात वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत उरकलेला, आणि मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकलेला. अशा गावातून एखादा निवृत्त माणूस बुरशी खाणारे किडे बघायला घाटावर निघाला, तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढणं साहजिक आहे.

सुरुवात घरातल्याच कोठीत झाली. जुलैचा दुसरा आठवडा होता. सेलूच्या सासुरवाडीहून आलेली तूर पत्र्याच्या कोठीत होती आणि तिचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. दाण्यांचा एक गोळा होऊन त्याला पांढुरकी लव आली होती, आणि त्या लवेतून तपकिरी किडे फिरत होते.

“सोंडे लागले,” बायको म्हणाली.

मी भिंग आणलं. एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, त्या नोकरीतून दोनच गोष्टी घरी आल्या: पेन्शन आणि हे भिंग. सोंड्याला सोंड असते, याला नव्हती. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव, अंगभर बारीक केस, मिशांच्या टोकाला गाठी. टायफिया स्टर्कोरिया. लिनियसनं १७५८ सालीच त्याचं नाव ठेवलंय आणि जगातल्या बहुतेक धान्यकोठारांतून तो नांदतो. गंमत अशी की तो तुरीच्या वाटेला जात नाही. तुरीवर आलेली बुरशी खातो. तो दिसला म्हणजे धान्य ओलावलंय, एवढाच त्याचा निरोप.

हे मी बायकोला सांगितलं. “म्हंजे किड्याचा दोष नाही, झाकनाचा हाय,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. झाकण मीच उघडं ठेवलं होतं.

तर असा हा कुठंही राहणारा, कशावरही भागवणारा भुंगेरा. पण बुरशीवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांची बाकीची खानदानं इतकी सोशिक नाहीत. काही फक्त डोंगरावर राहतात, आणि त्यातही एखाद्याच डोंगररांगेवर. मला ती बघायची होती.

या किड्यांचा आपल्याकडचा मोठा ग्रंथ शंभर वर्षांपूर्वीचा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भुंगेऱ्यांच्या पेट्या सांभाळणाऱ्या गिल्बर्ट जॉन ॲरो यांचा खंड ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत १९२५ साली निघाला. एरोटायलिडी, लँग्युरिडी आणि एंडोमायकिडी ही तीन कुळं त्यात आहेत. त्यातलं पहिलं आणि तिसरं बुरशीवर पोसलेलं. आता हा खंड फोनवरही वाचता येतो. मी तो वर्णनांसाठी कमी आणि पत्त्यांसाठी जास्त वाचला. प्रत्येक किड्याच्या खाली तो कुठं सापडला ते लिहिलेलं असतं. निलगिरी, अण्णामलाई, सिक्कीम, आसाम अशी नावं पुन्हा पुन्हा येतात. नकाशावर बोट ठेवत गेलं की किड्यांपेक्षा माणसांच्याच वाटा दिसू लागतात. जिथं चहा-कॉफीचे मळे, जंगलखात्याचे बंगले, उन्हाळ्यात साहेबाला जाऊन बसायला थंड हवा, तिथं किडे जास्त. कारवारकडे जंगल अधिकारी असलेल्या टी. आर. बेल यांच्यासारखा एखादा नादिष्ट माणूस एका जिल्ह्यात बरीच वर्षं राहिला, की तो जिल्हा कीटकशास्त्राच्या नकाशावर कायमचा चढायचा. सपाटीवरच्या, उन्हानं भाजणाऱ्या मुलखात वाकून ओंडका उलटणार कोण?

‘प्रदेशनिष्ठ’ हा शब्द मला म्हणूनच जरा जड वाटतो. एखादी जात एकाच भागात सापडते, एवढाच त्याचा अर्थ. पण ऐकताना पक्षनिष्ठेसारखं काहीतरी भारदस्त वाटतं. किड्याला कसली आलीय निष्ठा? मधला कोरडा पट्टा त्याला ओलांडता येत नाही, म्हणून तो तिथं राहतो. आणि कधी कधी तर तो फक्त तिथंच सापडतो, कारण फक्त तिथंच कुणी शोधलेलं असतं. या दोन्ही कारणांची किड्यांच्या पेटीवरची पट्टी मात्र सारखीच दिसते.

सह्याद्रीतल्या आंबोलीला निघायच्या दिवशी मी घरामागच्या कडुनिंबाच्या खुंटाला फुटलेला बुरशीचा एक कान तोडला. कान म्हणजे खोडाला आडवी चिकटलेली, लाकडासारखी टणक बुरशी; वरून तपकिरी, खालून दुधी. काचेच्या बरणीत टाकला, तोंडाला धोतराचं फडकं रबरानं बांधलं आणि बरणी कपाटावर ठेवली. “लोनच्याची बरनी हाय ती,” एवढंच ऐकू आलं. तोवर मी रिक्षात बसलो होतो.

महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघते आणि वर्ध्यावरून पार कोल्हापूरपर्यंत जाते. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तेही राज्याबाहेर जवळजवळ न डोकावता. दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी उतरायचं. लोक या गाडीला कंटाळतात. मला मात्र ती त्या दिवशी एखाद्या वादातून चालत गेल्यासारखी वाटली.

वाद सुंदरलाल होरा यांचा. हे माशांचे अभ्यासक, पुढं भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. पूर्व हिमालयाच्या आणि सह्याद्रीच्या खळाळत्या ओढ्यांत दगडाला धरून राहणारे काही मासे एकमेकांचे सख्खे नातलग दिसतात, आणि मधल्या हजारो किलोमीटरच्या मुलखात त्यांचा पत्ता नाही, हे त्यांना खुपत होतं. त्यांचं म्हणणं असं की, हिमयुगाच्या थंड-ओल्या काळात विंध्य-सातपुड्याची रांग पुलासारखी उपयोगी पडली. पूर्वेकडचे प्राणी तिच्यावरून चालत, पोहत पश्चिमेला सह्याद्रीला पोचले. पुढं हवा कोरडी झाली, पुलावरचे मेले, दोन टोकांचे उरले. १९४९ साली या ‘सातपुडा सिद्धांता’वर विद्वानांचं चर्चासत्रही झालं. आक्षेप तेव्हाही होते, आजही आहेत. सातपुडा कधी एवढा उंच आणि ओला होता याचा पुरावा काय, असं भूशास्त्रज्ञ विचारतात.

गाडी पुलगावला वर्धा नदी ओलांडत होती तेव्हा मी डबा उघडला होता. झुणका, पोळी, ठेचा. गावाचं नावच पुलावरून, आणि उत्तरेकडे न दिसणारा सातपुडा. म्हणजे होरांचं खरं असेल तर आमचा जिल्हा पुलाच्या कठड्याला लागून आहे. या पुलावरून जे गेले त्यात भुंगेरे नसतील कशावरून? यूमॉर्फस नावाचा एक वंश आहे, काळा कुळकुळीत, पाठीवर पिवळे ठिपके. त्याची बहुतेक भावकी मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलांत. आणि तरी त्याचा एक भाऊबंद दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आहे. माशाला वाहतं पाणी लागतं. या किड्याला ओलं, कुजकं लाकूड लागतं. ओल्या लाकडाची सलग रांग हाच त्याचा पूल, आणि ती जिथं तुटली तिथं तो अडला.

समोरच्या बाकावरचे अकोल्याचे गृहस्थ बराच वेळ माझ्या हातातला नकाशा बघत होते. “जमिनीचं काही प्रकरन हाय का जी?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. खोटं नव्हतं.

भुसावळला तापी. सह्याद्रीची उत्तरेकडची सुरुवात तापीच्या दक्षिणेला मानतात, तिथून कन्याकुमारीपर्यंत सोळाशे किलोमीटर. चाळीसगावपर्यंत उजेड राहिला नाही. मनमाडनंतर झोपलो. रात्रभर गाडी पर्जन्यछायेच्या मुलखातून जात होती, म्हणजे भुंगेऱ्यांच्या दृष्टीनं बघण्यासारखं फारसं काही हुकलं नसावं.

कोल्हापूरहून एसटी. गडहिंग्लजपर्यंत ऊस, आजऱ्याला भाताची खाचरं, आणि आजरा सुटल्यावर पाऊस. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथं तो नुसता असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून जेमतेम सातशे मीटरवर, पण अरबी समुद्रावरून आलेला ढग पहिल्यांदा अडतो तो इथंच. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. पिपरी मेघेत सात वर्षांत पडेल एवढा पाऊस इथं एका वर्षात पडतो, आणि नावात मेघ नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं आजोळ तिथं. त्याची आजी पडवीत बसलेली. माझ्या पायातले बूट आणि गळ्यातलं भिंग बघून तिनं विचारलं, “खंयसून इलात?”

“वर्ध्याहून.”

“आणि काय बघूक?”

“अळंबीवरचे किडे.”

ती क्षणभर थांबली. “किडे पडलेली अळंबी आमी टाकतो,” ती म्हणाली आणि आत चहा सांगितला.

रात्री आठनंतर विद्यार्थी आणि मी घरामागच्या वाटेनं निघालो. जंगलात शिरायचं नाही आणि काही उचलायचं नाही, हे आधीच ठरलेलं. परवानगीशिवाय एक किडाही तिथून बाहेर नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पहिल्यांदा विजेऱ्या बंद करून उभं राहायचं होतं. दहा मिनिटं काहीच नाही. पायावरून जळू चढल्याचा भास, मग खरी जळू. आणि मग एका पडलेल्या फांदीच्या कडेला फिकट हिरवट रेघ दिसू लागली. मायसीना वंशाची ही चमकणारी बुरशी फोटोंमध्ये निऑनच्या दिव्यासारखी दिसते. डोळ्यांना ती तशी दिसत नाही. जुन्या मनगटी घड्याळाच्या काट्यांवरचं रेडियम विझत आल्यावर जेवढं दिसायचं, तेवढीच. तरी मी बराच वेळ बघत राहिलो.

मला हवा होता तो भुंगेरा पुढच्या एका ओंडक्यावर सापडला. ओंडक्याच्या खालच्या अंगाला बुरशीची पातळ साय चढलेली होती, तिच्यावर तीन भुंगेरे. विजेरी लाल कागदातून धरली. सुमारे एक सेंटिमीटर लांब, शाईसारखा काळा, मधे फुगलेला, आणि पाठीच्या दोन्ही फळ्यांवर दोन-दोन मिळून चार पिवळे ठिपके. एकजण बुरशीची कड खरवडत होता; तोंड हलताना मिशाही लयीत हलत. गवताच्या काडीनं मी त्याला हलकेच शिवलो. त्यानं पाय पोटाशी घेतले आणि गुडघ्यांतून पिवळसर थेंब सोडले. या भुंगेऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. रक्तच ते, पण चवीला कडू असावं अशा बेतानं ठेवलेलं. ठिपके म्हणजे त्याची आगाऊ सूचना. काडी नाकाशी नेली तर ओल्या चामड्यासारखा वास आला.

यूमॉर्फस, असं मी मनात म्हटलं. जात सांगायला मात्र मी तयार नव्हतो. या मंडळींची जात ठिपक्यांवरून ठरत नाही. मांडीचे काटे, पायांची ठेवण, शेवटी नराचे आतले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. शिवाय एकाच जातीचे प्रदेशाप्रदेशांतले चेहरे वेगळे: कुठं ठिपके मोठे, कुठं पाय तांबडे. ॲरोच्या काळी अशा फरकांवरून नावं दिली गेली, पुढं काही नावं एकमेकांत विलीन झाली. प्रदेशनिष्ठांची यादी अशी वाढते आणि घटतेही. डोंगरावर काहीएक न घडता.

दुसऱ्या दिवशी पाऊस इतका होता की पडवीतच बसावं लागलं. मला तरी त्याच दिवसानं जास्त दिलं.

आजीला मी कडुनिंबावरच्या कानाबद्दल सांगत होतो. ती उठली आणि आतून एक जुना बिस्किटांचा डबा घेऊन आली. त्यात फणसांबा होता. फणसाच्या जुन्या झाडाला येणारी ही लाकडी बुरशी कोकणात घरोघरी ठेवलेली असते. लहान मुलांच्या तोंडातून फार लाळ गळू लागली की सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावतात. काष्ठौषधीवाल्यांकडे विकतही मिळते. आजीचा तुकडा तळहाताएवढा, वरून भेगाळलेला काळा, आतून गंजाच्या रंगाचा. डब्याच्या तळाला तसाच गंजाच्या रंगाचा भुसा साचलेला.

“दर पावसात पडता ह्यो भुसो,” आजी म्हणाली. “किडो खाता तेका.”

“मग टाकून नाही देत?”

“किडो खाता म्हणजे इखारी नाय,” आजी म्हणाली. तिच्या शास्त्रात हा वाद मिटलेला होता.

मी तुकडा उजेडात धरला. खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, चाळणीसारखी. डोंगरावरच्या बुरशी-भुंगेऱ्यांचं अर्थकारण या भोकांत आहे. मऊ छत्रीसारखी अळंबी दोन-चार दिवसांत सडून जाते. तिच्यावर माश्यांच्या अळ्या घाईघाईत उरकून घेतात. लाकडी बुरशी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकते. तिच्यात भुंगेऱ्यांच्या पिढ्या एकाच घरात जन्मतात, जेवतात, लग्नं करतात. ज्यांना घर सोडायची गरज नाही, त्यांचं उडणं हळूहळू कमी होतं. जगभरच्या डोंगरांवर बुरशी आणि पालापाचोळ्यात राहणारे काही भुंगेरे तर पंख गमावून बसले आहेत. अशा घरकोंबड्याला मधली एक कोरडी दरी म्हणजे समुद्रच. केरळात पालघाटची खिंड तीसेक किलोमीटर रुंद आहे, आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या डोंगरांवर बेडकांपासून झाडांपर्यंत किती जाती वेगळ्या निघाल्या आहेत! निलगिरी एकीकडे, अण्णामलाई दुसरीकडे.

सह्याद्रीच्या उत्तरेला आणखी एक अडचण आहे. पाऊस इथं दक्षिणेपेक्षा कमी नाही, पण तो चार-साडेचार महिन्यांत संपतो. मग सात-आठ महिने कोरडे. केरळात उन्हाळी सरी आणि परतीचा पाऊस मिळून कोरडा काळ आखडतो. म्हणून रांग जसजशी दक्षिणेला जाते तसतसे प्रदेशनिष्ठ जीव वाढत जातात, असा वनस्पती आणि उभयचरांचा अनुभव आहे. किड्यांनाही एकूण पावसापेक्षा कोरडे महिने मोजायला लावणारं हे गणित. आमच्याकडच्या उत्तर सह्याद्रीत ओल टिकते ती दऱ्यांच्या तळाला आणि देवरायांत, जिथं पडलेला ओंडका सरपणाला नेत नाहीत.

संध्याकाळी पाऊस थोडा थांबल्यावर हिरण्यकेशीच्या उगमाशी जाऊन आलो. महादेवाचं देऊळ, गुहेतून येणारं पाणी. याच पाण्यात सापडलेल्या एका छोट्या, सोनेरी माशाला २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळालं, आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. ओढ्यात तळाला धरून राहणारा मासा. होरांनी बघितला असता तर खूश झाले असते. आंबोलीचा म्हणून ओळखला जाणारा एक पिवळ्या पट्ट्यांचा भेकही आहे. आंबोलीवर अभ्यासू माणसं येतात, राहतात, वाकून बघतात. पाऊस आणि डोंगर हे कारण आहेच. पण इथल्या जातींच्या यादीमागं एसटी स्टँड आणि राहायला घरं मिळतात हेही कारण असावं, असं मला परतीच्या वाटेवर वाटत राहिलं. अमेरिकेत ग्रेट स्मोकी या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात १९९८ पासून एकूण एक जीव मोजायचं काम चालू आहे. शेकडो स्वयंसेवक, शाळकरी मुलंसुद्धा. तिथल्या याद्या लांबल्या, त्यात नव्या जाती निघाल्या. डोंगर आधीही तोच होता.

निघताना आजी फणसांब्याचा एक तुकडा कागदात बांधून देऊ लागली. नातवंडांसाठी. मी हात जोडले. किड्यासकट तो तुकडा वर्ध्याला नेणं म्हणजे आंबोलीचा रहिवासी आमच्या कपाटावर सोडणं. तिला हे सांगितलं तर ती हसली. “तुमच्या हंय फणस नाय, तो जगतलो कसो?” हाही मुद्दा होताच.

पिपरीला पोचलो तेव्हा दहा दिवस झाले होते. बरणी होती तिथंच होती. तळाला भुसा. पांढुरका, रव्यासारखा, चमचाभर. फडक्याच्या आतल्या बाजूला, उजेडाकडे तोंड करून, राखाडी-तपकिरी ठिपके चिकटलेले. आधी मला ते भुशाचेच कण वाटले. मग एक चालू लागला.

भिंग पुरेना. नातवाच्या शाळेचा सूक्ष्मदर्शक आणला. दीड मिलिमीटर, नळीसारखा गोल, मोहरीच्या दाण्यालाही लाजवणारा. सिइडी कुळातला, लाकडी बुरशीत आयुष्य काढणारा. आणि त्यातल्या एकाच्या कपाळावर दोन शिंगं. खरीखुरी, वर वळलेली. हा नर. बुरशीच्या बोगद्यात मादीसाठी झुंजायला ती कामी येतात. माझ्या मोरीपासून दहा पावलांवर, कापलेल्या कडुनिंबात, सेहेचाळीस अंशांच्या उन्हातून तगून, इतक्या पिढ्या ही शिंगं घेऊन झुंजत होत्या.

टाचणीवर एवढा किडा बसत नाही. जाड कागदाच्या त्रिकोणी टोकावर डिंकाचा थेंब लावून तो चिकटवायचा आणि टाचणी कागदाला टोचायची. हात तीस वर्षांचा, तरी दोनदा चुकला. मग बारीक पेननं खालची पट्टी लिहिली: वर्धा, पिपरी मेघे, कडुनिंबाचा खुंट, बुरशीतून वाढवलेला, तारीख. पट्टी इतकी लहान की ‘मेघे’ दुसऱ्या ओळीत गेला.

बायको मागं येऊन उभी होती. “बरनी कवा रिकामी होते?”

“अजून पंधरा दिवस. आत अळ्या असतील.”

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ. “शिंगं हाय याले,” ती म्हणाली. मग आत जाऊन तिनं कोठीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.